वाखाणणारे खूप, तिकीट काढणारे किती?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला सायन्स फिक्शन सिनेमांच्या सिक्वेलवरचा लेख वाचला. लेख चांगलाय, पण सगळं खापर प्रेक्षकांवर फोडलंय ते काही पटलं नाही. लोकांना आता डोक्याला ताण नको, सगळ्यांना पळापळ आणि स्फोट पाहिजेत म्हणून 'ब्लेड रनर 2049' सारखा सिनेमा पडतो, असं लिहून टाकलं की विषय संपतो, पण मग पहिला 'ब्लेड रनर' 1982 मध्ये का पडला होता? तेव्हाचा प्रेक्षक तर म्हणे सुजाण होता.

हे कुणाच्या लक्षातच राहत नाही. तो सिनेमा 25 जून 1982 ला लागला, त्याच्या दोनच आठवडे आधी 'ई.टी.' आलेला आणि सगळं जग त्या गोड एलियनच्या प्रेमात पडलेलं, त्यात हा अंधारा, पावसाळी, खिन्न सिनेमा कोण बघणार. खर्च जवळपास 3 कोटी डॉलर, अमेरिकेत तेवढेही सुटले नाहीत. त्याला जो मान मिळाला तो नंतर, घरोघरी, व्हिडिओ कॅसेटवर. मग 1992 मध्ये डायरेक्टर्स कट, 2007 मध्ये फायनल कट, म्हणजे त्याच सिनेमाच्या नव्याने जुळवलेल्या आवृत्त्या, दर वेळी नवी चर्चा, नवे लेख. आणि ज्यांना आवडला ते कोण, तर समीक्षक, डिझायनर, गेम बनवणारे, स्वतः सिनेमे काढणारे. म्हणजे बोलणारी आणि लिहिणारी माणसं. अशी थोडी माणसं पस्तीस वर्षं एखाद्या सिनेमाबद्दल बोलत राहिली की बाहेरून बघणाऱ्याला वाटतं हा सिनेमा सगळ्यांनीच पाहिलाय आणि सगळ्यांनाच पुढचा भाग हवाय. स्टुडिओलाही तेच वाटलं असणार, नाहीतर 15 कोटी डॉलरच्या वर खर्च करायची हिंमत कुणी केली असती?

बरं, 2017 च्या ऑक्टोबरमध्ये झालं काय, पहिल्या वीकेंडला अमेरिकेत साडेचार-पाच कोटींचा अंदाज बांधलेला आणि आले सव्वातीन कोटीच्या आसपास, तेही समीक्षकांनी डोक्यावर घेतलेलं असताना. जगभरात मिळून 26-27 कोटी झाले. ऐकायला मोठा आकडा वाटतो, पण तिकिटाचे निम्मे पैसे थिएटरवाल्यांकडे जातात, वर जाहिरातींचा खर्च वेगळा, म्हणजे हिशोब बसला नाहीच. आलेल्यांत पुरुष जास्त आणि पंचविशीच्या पुढचे जास्त. थोडक्यात जुनी मंडळी आली, निष्ठेने आली, काही जण दोनदा पण आले असतील, पण ती होतीच किती!

नव्या माणसाला आत घ्यायला तर काहीच केलं नव्हतं. कथेतलं काही फुटू नये म्हणून एवढी गुप्तता की ट्रेलर बघून कळतच नव्हतं सिनेमाचा हिरो कुणाला शोधतोय आणि का. नारिंगी धूर, भव्य इमारती, हॅरिसन फोर्ड दिसतो, रायन गॉसलिंग चालतोय. ज्याला पहिला भाग पाठ आहे त्याच्या अंगावर काटा येतो, बाकीच्याला वाटतं परफ्युमची जाहिरात आहे. समीक्षकांनाही सांगितलेलं की अमुक लिहू नका तमुक लिहू नका, मग बिचारे लिहिणार काय, कॅमेरा सुंदर आहे. आहेच सुंदर, कॅमेरामन रॉजर डीकिन्सला त्यासाठी ऑस्कर मिळालं, इतकी वर्षं नुसती नामांकनं मिळवून झाल्यावर पहिलंच. पण कॅमेरा सुंदर आहे म्हणून शुक्रवारी रात्री घरातली चार माणसं बाहेर पडत नाहीत हो.

त्यात दोन्ही सिनेमांच्या कथांमधली तीस वर्षं भरून काढायला तीन छोट्या फिल्म्स आधी ऑनलाइन सोडलेल्या. मी तिन्ही पाहिल्या, आवडल्या. पण विचार करा, सिनेमाला जायच्या आधी एक जुना सिनेमा आणि वर तीन शॉर्ट फिल्म, एवढा होमवर्क कोण करतं? आणि लांबी पावणेतीन तासांच्या जवळ, म्हणजे एका स्क्रीनवर दिवसाचा एखादा शो कमीच. पहिला भाग ज्यांनी काढला त्या रिडली स्कॉटनी नंतर स्वतःच सांगितलं की फार लांब झालाय, आणि ते या भागाचे कार्यकारी निर्माते होते, आता काय बोलायचं.

माझा भाचा कॉलेजात आहे, सिनेमाचं वेड आहे त्याला. त्याला 2049 दाखवायचा म्हणून म्हटलं आधी पहिला बघ. त्याचा पहिला प्रश्न, "मामा, कुठला पहिला? इथे तर तीन-चार दिसतायत." खरंय की, कुणी म्हणतं फायनल कट बघ, कुणी म्हणतं मूळचा, हिरोच्या आवाजातल्या निवेदनाचा बघितल्याशिवाय मजा नाही. शेवटी बसला बघायला, अर्ध्या तासाने म्हणाला, "छान आहे, पण हे सगळं मी गेममध्ये पाहिलंय, तो पाऊस, ते निऑनचे बोर्ड, उडत्या गाड्या." मला राग आला खरा पण पोराचं चुकलं काय? ज्यांनी तिथून उचललं त्यांचं त्याने आधी पाहिलं आणि मूळ माल नंतर. उशीर झाला की नुसती वर्षं जात नाहीत, मधल्या काळात तुमची सगळी नवलाई दुसरे लोक वापरून मोकळे होतात.

'ट्रॉन' चं तर हेच दुखणं. 1982 मध्ये कॉम्प्युटरवर बनवलेली दृश्यं हीच मुळात बातमी होती, सगळी मिळून पंधरा-वीस मिनिटं असतील, पण तसं कुणी पाहिलंच नव्हतं. मग 2010 मध्ये दुसरा भाग 'लेगसी', तो बऱ्यापैकी चालला, डॅफ्ट पंक या जोडीचं संगीत तर अजून लोक ऐकतात, पण तेव्हा लगेच पुढचा काढला नाही. पंधरा वर्षं थांबून 2025 च्या ऑक्टोबरमध्ये तिसरा भाग 'एरिस' आणला आणि तिकिटांतून खर्चाइतकेही पैसे आले नाहीत. ज्या जगात प्रत्येक जाहिरातीत सुद्धा कॉम्प्युटर ग्राफिक्स आहे तिथे 'ट्रॉन' मधल्या चमकणाऱ्या बाइकचं कौतुक कितीसं राहणार? आणि 'एरिस' काही फार डोक्याला ताण देणारा सिनेमा नाहीये, म्हणजे लेखातला तो मुद्दा इथे लागूच होत नाही.

आता कुणी म्हणेल मग 'अवतार' चा दुसरा भाग तेरा वर्षांनी येऊन कसा चालला, 'जुरासिक वर्ल्ड' चौदा वर्षांनी येऊन कसा चालला. अहो, ते मूळ सिनेमे पहिल्यापासून घरातल्या आजीपर्यंत सगळ्यांनी थिएटरात पाहिलेले. डायनासोर सुटलेत, पळा, एवढं कळलं की पुरे, आधीचं काही बघावं लागत नाही. आणि 'अवतार' वाल्यांनी तर दुसरा भाग यायच्या तीन महिने आधी पहिला परत थिएटरात लावला, हे शहाणपण इतरांना का सुचत नाही देव जाणे. अर्थात मूळ सिनेमा प्रचंड चाललेला असला तरी खात्री नाहीच, 'इंडिपेन्डन्स डे' ने 1996 मध्ये 80 कोटी डॉलरच्या वर कमावले आणि वीस वर्षांनी आलेल्या पुढच्या भागाने त्याच्या निम्मे पण नाही. पहिल्या भागातला हिरो विल स्मिथ नव्हता हे एक, आणि शहरं उद्ध्वस्त होताना बघायला मधल्या वीस वर्षांत दर उन्हाळ्यात कुठला ना कुठला सिनेमा होताच हे दुसरं. 'मेट्रिक्स' चा चौथा तर कोविडमध्ये आला, वर अमेरिकेत त्याच दिवशी घरबसल्या बघायला मिळत होता, त्याचं काय बोलायचं.

तेव्हा प्रेक्षकांना नावं ठेवायच्या आधी एक करा. आपल्या परीक्षणांमध्ये स्टार देता, कलाकारांची यादी देता, तिथेच एक ओळ वाढवा, आधीचे भाग न बघता हा कळेल का, आणि बघायचे असतील तर नेमका कुठला. 'एरिस' च्या परीक्षणात हे कुठेच नव्हतं, त्यामुळे माझ्या ओळखीच्या दोघा-तिघांनी "जाऊदे, ओटीटीवर आला की बघू" म्हणून तिकीट काढलंच नाही.

आपला,
एक नियमित वाचक