नाव पुसायला वेळ मिळतो, ठेवायला नाही?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

इंजिनिअरिंगच्या फायनल इयर प्रोजेक्टांचा सीझन आहे म्हणून, दुसऱ्याचा कोड घेताना मूळ लेखकाचं नाव पुसून टाकायच्या सवयीबद्दल लिहितोय. मी एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचा परीक्षक, म्हणून व्हायवाला (तोंडी परीक्षेला) जातो, कॉलेजांची नावं घेत नाही कारण चित्र सगळीकडे सारखंच आहे. ब्लॅक बुकला, म्हणजे प्रोजेक्टच्या छापील अहवालाला, प्लॅजिअरिझम (उचलेगिरी तपासणीचा) रिपोर्ट जोडलेला असतो, गाइडची सही असते, पण ते सगळं मजकुराचं, कोड कोणी उघडूनही बघत नाही. यंदा एका ग्रुपचं अटेंडन्सचं ॲप बघितलं, प्रत्येक फाइलच्या डोक्यावर "डेव्हलप्ड बाय" आणि चौघांची नावं, आणि खाली मधल्याच एका फंक्शनवर चक्क पोर्तुगीजमधली कॉमेंट (कोडमध्ये लिहिलेली टीप)! विचारलं तर म्हणे, सर ते ओपन सोर्स (लेखकाने सगळ्यांना वापरायला खुला ठेवलेला कोड) आहे, फ्री असतं.

फ्री असतं हे खरंच, आणि कोड उचलला त्यालाही माझी हरकत नाही, उद्या नोकरीत हेच करायचंय. पण फुकट दिलंय म्हणजे बेवारस पडलंय असं यांना कोणी सांगितलं? ओपन सोर्स कोडसोबत सर्रास दिसणारं एमआयटी लायसन्स घ्या, धड एक पानसुद्धा भरत नाही, वापरा, बदला, विका, सगळ्याला परवानगी, आणि बदल्यात मागणं एवढंच की मूळ कॉपीराइटची ओळ आणि हे लायसन्स प्रत्येक कॉपीसोबत राहू द्या. आपली पोरं नेमकी तीच ओळ डिलीट करतात! स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवरून उचललेल्या तुकड्यालाही क्रेडिट द्यावंच लागतं, कॉमेंटमध्ये एक लिंक टाकायला कितीसा वेळ लागतो. (एआयने दिलेला कोड मुळात कुणाचा, हा तर वेगळाच गुंता.)

आणि हे नुसतं सौजन्य नाहीये. अमेरिकेत मॉडेल रेल्वे चालवायच्या एका ओपन सोर्स सॉफ्टवेअरच्या फाइल्स दुसऱ्याने घेतल्या, लेखकांची नावं आणि कॉपीराइट नोटिसा काढून स्वतःच्या विकाऊ प्रॉडक्टमध्ये घातल्या, तर जेकबसन विरुद्ध कॅटझर या खटल्यात 2008 साली तिथल्या अपील कोर्टाने स्पष्ट सांगितलं की लायसन्सच्या अटी मोडल्या तर कॉपीराइटचा भंग म्हणून दावा लावता येतो. आपल्याकडेही 1957 च्या कॉपीराइट कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्रॅम साहित्यकृतीतच धरलाय, आणि कलम 57 प्रमाणे हक्क विकून टाकले तरी "हे मी लिहिलंय" म्हणायचा लेखकाचा अधिकार जात नाही.

मोठ्या कंपन्या हे पाळतात, मोबाइलच्या सेटिंगमध्ये लीगलच्या खाली ओपन सोर्स लायसन्स उघडून बघा, स्क्रोल करता करता बोट दुखेल. कर्ल हे इंटरनेटवरून डेटाची ने-आण करणारं ओपन सोर्स सॉफ्टवेअर 1998 पासून सांभाळणाऱ्या स्वीडनच्या डॅनियल स्टेनबर्गचं नाव आणि ईमेल गाड्यांच्या स्क्रीनवर अशाच यादीत दिसतं, तर लोक त्यालाच गाडीच्या तक्रारी लिहून पाठवतात! बिचाऱ्याला वैताग, पण नाव तरी जागेवर आहे.

माझं म्हणणं इतकंच की विद्यापीठांनी ब्लॅक बुकमध्ये एक पान सक्तीचं करावं, काय घेतलं, कुठून, लायसन्स कुठलं आणि आम्ही त्यात काय बदललं, आणि व्हायवाचे थोडे मार्क त्या पानावर ठेवावेत. "आम्ही काय बदललं" हा रकाना नीट भरला असेल तर मी तरी मार्क सढळ हाताने देईन, कारण दुसऱ्याचा कोड वाचून समजून घेणं हेच या पोरांना जमत नाहीये.

– एक एक्स्टर्नल, डोंबिवली