जागा नव्हती, तरी उत्तर आलं

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार.

हे आभार तुम्हाला खासगीतही कळवता आले असते. पण नद्यांच्या अन्नजाळ्यांवर संशोधन करायचं म्हणून गाइड शोधत फिरणारे बरेच आहेत. त्यांच्याही नजरेस पडावं म्हणून उघडच लिहितेय.

पीएचडीसाठी मला घ्याल का, असं मी तुम्हाला लिहून विचारलं होतं. ‘यंदा माझ्याकडे जागा नाही’ एवढ्यावर तुम्ही थांबला असतात तरी चाललं असतं. बहुतेक ठिकाणांहून तेवढंही येत नाही. तुम्ही पुढे विचारलंत, ‘नदीत कोण कोणाला खातं हे बघायचंय, की नदीला अन्न कुठून येतं हे?’ आणि दोन्हींसाठी एकेक शोधनिबंध सुचवलात.

पहिला मेरी पॉवर यांचा, १९९० चा. कॅलिफोर्नियातल्या ईल नदीत मोठे मासे असले की शेवाळ खचतं, कारण ते छोट्या शिकाऱ्यांना खातात आणि शेवाळावर जगणाऱ्या अळ्यांना मोकळं रान मिळतं. दुसरा नाकानो आणि मुराकामी यांचा, २००१ चा. जपानमधल्या होक्काइदोच्या जंगलातल्या ओढ्यातून उडालेल्या कीटकांवर पक्षी जगतात, आणि उन्हाळ्यात झाडांवरून पाण्यात पडणाऱ्या किड्यांवर मासे. मी दुसऱ्यातच अडकले. मग कोणाला लिहायचं, ती यादी आपोआप आखडली.

पैशाचं तुम्ही जितकं स्पष्ट सांगितलंत तितकं कोणी सांगत नाही. तुम्ही म्हणालात, फी कोण भरणार, स्टायपेंड किती वर्षं, सुट्टीतही मिळतं का, हे पहिल्याच बोलण्यात विचारून घे. आणि त्या प्रयोगशाळेतल्या विद्यार्थ्यांना गाइड समोर नसताना गाठ. समस्थानिकांच्या (एकाच मूलद्रव्याच्या कमी-जास्त वजनाच्या अणूंच्या) तपासणीचा खर्च प्रकल्पात धरलाय का, हा प्रश्न तर मला कधी सुचलाच नसता. माशाच्या पोटात फक्त शेवटचं जेवण सापडतं. गेल्या काही आठवड्यांचं, महिन्यांचं खाणं मांसपेशींतल्या समस्थानिकांत उतरलेलं असतं. नायट्रोजन-१५ अन्नसाखळीच्या दर पायरीला सरासरी दर हजारी ३.४ नं वाढतो, कार्बन-१३ फारसा हलत नाही. म्हणून एकावरून प्राण्याची पायरी कळते, तर दुसऱ्यावरून अन्न शेवाळाचं की पाचोळ्याचं याचा अंदाज येतो. ही तपासणी दर नमुन्यामागे पैसे मोजून होते. त्याची तरतूद नसेल तर निम्मा प्रबंध कागदावरच राहायचा.

आधी एक हंगाम फील्ड असिस्टंट म्हणून काम कर, हाही तुमचाच सल्ला. पाण्यात उभं राहायचे दिवस थोडे, बाकी सगळे सूक्ष्मदर्शकाखाली चिखलातून अळ्या वेचण्यात जातात. (फोटोत मात्र सगळे गुडघाभर पाण्यातच दिसतात!) मला ते वेचणं आवडलं, हे तेव्हाच कळलं ते बरं झालं.

एक मात्र अजून पटत नाही. मासे सोडून कीटकांपासून सुरुवात कर, असं तुम्ही म्हणाला होतात. मला मासे हवेतच. शेवटी तोड निघाली: प्रकल्प पाचोळा कुरतडणाऱ्या कीटकांवर, आणि एक प्रकरण त्यांना खाणाऱ्या माशांवर. प्रवेश पक्का झालाय, स्टायपेंडसकट. आणि हो, समस्थानिकांचा खर्च धरलाय. मी विचारलं होतं.

आता मलाच विचारणा होऊ लागली आहे. तुमचं ते उत्तर, नाव काढून, पुढे पाठवलं तर चालेल ना? नको असेल तर तसं कळवा.

आपली नम्र,
तुमच्याकडे जागा न मिळालेली एक विद्यार्थिनी