'कु. खाडिलकर' म्हणजे तिघींतली कोण? सांगलीच्या काकांना एक जाहीर आभारपत्र

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

नाव घालायचं नाही, असं तुम्ही तीनदा बजावलंत, म्हणून नुसतं 'काका'. तीन आठवडे दुसऱ्यांची नावं शोधत बसलेल्या माणसाचं नाव त्याच्याच आभारपत्रात नसावं, हे आम्हाला पटलेलं नाही. पण तुमच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो, हे या तीन आठवड्यांत कळलं.

वही रविवारी पुरी झाली. बुद्धिबळाचे ४१ डाव. ३८ डावांवर नाव आलं, तीन कोरे राहिले. मुलींच्या उन्हाळी वर्गात आता या डावांचे तक्ते लागलेत आणि खाली उभ्या राहून पोरी चाली वाचतायत. तुमचा हात लागला नसता तर त्या जागी 'खाडिलकर भगिनींचे निवडक डाव' एवढं मोघम लिहून आम्ही मोकळे झालो असतो.

ज्यांनी वही पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. गावभागातल्या एका घरात कुणीतरी सत्तर-ऐंशीच्या दशकातले बायकांच्या स्पर्धांमधले डाव हौसेनं उतरवून ठेवले होते. चाली साध्या बॉलपेनानं. वरचा मथळा, म्हणजे खेळणारीचं नाव, फेरी, गाव, साल, हे मात्र शाईच्या पेनानं, वळणदार अक्षरात. २०१९ च्या महापुरात वही पाण्यात गेली. बॉलपेनची शाई तेलकट, ती टिकली. पेनाची शाई पाण्याची, ती कृष्णेनं नेली. म्हणजे चाली जशाच्या तशा आणि खेळणारी गायब. हौसेनं जे सर्वांत सुंदर लिहिलं तेच आधी पुसलं गेलं.

तुमच्याआधी या वहीला दोन हात लागले. एका ठिकाणी ती आठ महिने 'स्कॅन करून देतो' या वाक्याखाली कपाटात पडून राहिली. दुसऱ्या ठिकाणी चिकटलेली पानं कोरडीच ओढून सुटी केली, त्यात चार पानांचा वरचा पापुद्रा समोरच्या पानावर गेला. वर ऐकवलं ते असं: "तिघी बहिणीच ना? मग कुठली का असेना, काय फरक पडतो?"

फरक पडतो. वासंती खाडिलकर १९७४ मध्ये देशातली पहिली राष्ट्रीय महिला विजेती झाली. जयश्री १९७९ मध्ये भारताची पहिली महिला आंतरराष्ट्रीय मास्टर (महिला ग्रँडमास्टरच्या खालचा किताब). आणि सगळ्यांत धाकटी रोहिणी, १९६३ चा जन्म, तेराव्या वर्षी १९७६ मध्ये राष्ट्रीय विजेती, पुढं १९७७, १९७९, १९८१ आणि १९८३, अशी पाच वेळा. पहिली दहा वर्षं राष्ट्रीय महिला विजेतेपद या तिघींच्या घराबाहेर गेलंच नाही. असं असताना एखाद्या डावावर 'कु. खाडिलकर' एवढंच लिहिणं म्हणजे काहीच न लिहिण्यासारखं. आणि हे सांगलीत घडावं? त्यांचे पणजोबा, नाट्याचार्य कृष्णाजी प्रभाकर, याच गावात जन्मले. नूतन बुद्धिबळ मंडळ इथलं, भाऊसाहेब पडसलगीकरांनी वर्षानुवर्षं स्पर्धा भरवल्या त्या इथं, आणि १९८५ चं राष्ट्रीय विजेतेपद घेणारी भाग्यश्री साठे इथलीच. या गावाला तरी 'कुठली का असेना' शोभत नाही.

तुम्ही पहिल्या दिवशी वही उघडलीच नाहीत. स्टीलचा मोठा डबा मागवलात, तळाला ओला रुमाल, त्यावर जाळी, जाळीवर वही, वर झाकण. वहीला रुमाल टेकता कामा नये, नुसती दमट हवा लागली पाहिजे. दोन-अडीच तासांनी पान आपोआप सैल होतं आणि प्लॅस्टिकची बोथट पट्टी कोपऱ्यातून घातली की सुटतं. घाई केली की पापुद्रा जातो. फार वेळ तसंच ठेवलं की बुरशी धरू शकते. सुटलेल्या प्रत्येक पानामागं टीपकागद, वर पाट, पाटावर वजन, आणि टीपकागद दर काही तासांनी बदलायचा. पहिल्या आठवड्यात एवढंच काम झालं. एक चाल वाचली नाही.

मग ती बॅटरी. खोलीत अंधार, पान सपाट, आणि बॅटरी टेबलाला टेकवून आडवी, म्हणजे उजेड कागदावरून घसरत जातो. शाई गेली तरी निबाचा दाब कागदात चर पाडून गेलेला असतो, आणि जोरात ओढलेल्या रेघेला दोन समांतर चर पडतात, कारण निबाची दोन टोकं फाकतात. मोबाइलचा फोटो का चालत नाही हेही त्या दिवशी कळलं. त्याचा उजेड समोरून पडतो आणि चर भरून टाकतो. आडव्या उजेडात आधी 'खाडिलकर' दिसलं, मग 'नी.'. पण 'नी.' तिघींनाही लागतं, वडील नीळकंठच. राहिलं फक्त पहिलं अक्षर. तिथं तुमचं डोकं चाललं: 'ज.' किंवा 'वा.' असेल तर शिरोरेषेच्या वर काही नाही, 'रो.' असेल तर वर मात्रेची तिरकी रेघ असणारच. मग आख्खं अक्षर वाचायची गरजच उरली नाही. शिरोरेषेच्या वर एक चर आहे की नाही, एवढंच शोधायचं. १४ डाव त्या एका मात्रेवर सुटले. बाकीचे कात्रणांशी ताडून, फेरी आणि प्रतिस्पर्धी जुळवून.

चालींचं प्रकरण त्याहून किचकट होतं. आजच्या पोरींना 'ई४' अशी घराच्या अक्षर-आकड्याची नोंद माहीत, आणि वहीत जुनी इंग्रजी वर्णनात्मक नोंद, 'पी-के४' (प्यादं राजाच्या रांगेतल्या चौथ्या घरात) वगैरे. या पद्धतीत प्रत्येक घराला दोन नावं, कारण दोघं आपापल्या बाजूनं मोजतात. पांढऱ्याचं राजाच्या रांगेतलं चौथं घर म्हणजे काळ्याचं पाचवं. म्हणून तुम्ही दोन पट मांडलेत, एक पांढऱ्याच्या बाजूनं वाचायला, दुसरा उलटा ठेवून काळ्याच्या. (हे एकाच पटावर मनातल्या मनात करू पाहणारे सातव्या-आठव्या चालीला हमखास घसरतात.) 'एन-बी३' (घोडा उंटाच्या रांगेतल्या तिसऱ्या घरात) असं नुसतं लिहिलं असेल तर सुरुवातीला पांढऱ्याचे दोन्ही घोडे त्या नावाच्या घरात जाऊ शकतात, एक एफ३ वर, दुसरा सी३ वर. 'बी x पी' म्हणजे उंटानं प्यादं मारलं, पण कुठलं? शेजारी शहाची खूण असेल तर सुटतं, कारण दोन माऱ्यांपैकी एकातच शह बसतो. नसेल तर पुढच्या चार चाली दोन्ही तऱ्हांनी खेळून बघायच्या. इंग्रजी आकड्यात ३ चा ८ व्हायला तर एक ओघळ पुरतो.

डाव २३ व्या चालीला अडला की आम्ही २३ वी चाल दुरुस्त करायला धावायचो. तुम्ही मागं जायला लावायचात, शेवटच्या मारामारीपर्यंत. उतरवणाऱ्याच्या चुका बहुतेक तिथंच होतात, दोघांनी एकमेकांची मोहरी मारताना एक अर्धी चाल गळते आणि पुढचं सगळं अर्ध्या चालीनं सरकतं. बावीस ठिकाणी असं निघालं. आणि जिथं दोन वाटा सारख्याच शक्य होत्या तिथं तुम्ही अंदाज केला नाहीत. पेन्सिलीनं दोन्ही लिहिल्यात आणि पुढं प्रश्नचिन्ह. १९८१ पासून फिडेनं, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघानं, ही जुनी नोंद मान्य करणं थांबवलं, त्यामुळं रोहिणीताईंची कारकीर्द बरोबर त्या सांध्यावर येते: पहिलं विजेतेपद एका लिपीत, शेवटचं दुसऱ्या. हे वाक्य तुमचंच, तक्त्यावर तसंच घातलंय.

या सगळ्यात एका चिमुरडीनं विचारलं, "यात राणी कुठंय?" खरंच की. इंग्रजीत जी राणी, ती आपल्या पटावर वजीर. मराठी पटावर बाईमाणूस एकही नाही. तुम्ही चष्मा वर करून म्हणालात, "पटावर नाही, म्हणून तर पटासमोर बसली."

आमचा पहिला तक्ता आठवला की अजून कान तापतात. 'भारताची पहिली महिला ग्रँडमास्टर रोहिणी खाडिलकर' असं ठळक अक्षरात छापून लावलं होतं. तुम्ही तो फाडला नाहीत, कुणाला बोललाही नाहीत. खळ लावून त्या ओळीवर एक पट्टी चिकटवलीत: 'महिला आंतरराष्ट्रीय मास्टर, १९८१'. मग मुलींना समजावलंत की महिला ग्रँडमास्टर हा किताब वेगळा आणि ग्रँडमास्टर, जो पुरुष-बायका सगळ्यांना एकच आणि त्याहून वरचा, तो वेगळा. पहिला आपल्याकडं एस. विजयालक्ष्मींनी आणला, दुसरा २००२ मध्ये कोनेरू हंपीनं. नागपूरच्या दिव्या देशमुखनं २०२५ मध्ये बाटुमीला महिला विश्वचषक जिंकून थेट ग्रँडमास्टर किताब घेतला, तो हा दुसरा. खोटा मोठेपणा चिकटवला की खरा झाकला जातो, आणि इथं खरा काही कमी नव्हता. १९८१ ला हैदराबादच्या आशियाई स्पर्धेत १२ पैकी साडेअकरा गुण, म्हणजे ११ विजय, एक बरोबरी, हार नाही. ती ओळ आधीच्या तक्त्यात कोपऱ्यात बारीक अक्षरात होती, तुम्ही वर घेतलीत. १९८३ चं क्वालालंपूरचं आशियाई विजेतेपद तर आम्ही विसरलोच होतो.

आणि १९७६. तेरा वर्षांची मुलगी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली म्हणून गदारोळ झाला, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि शेवटी फिडेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी निवाडा दिला की राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून बायकांना अडवता येणार नाही. हे आम्हाला ठाऊक होतं. हेच युवे तरुणपणी इंग्लंडमधल्या हेस्टिंग्जच्या स्पर्धेत पहिल्या महिला जगज्जेत्या व्हेरा मेन्चिककडून दोनदा हरले होते, हे तुमच्याकडून कळलं. पोरी इतक्या हसल्या की शेजारच्या वर्गातले सर डोकावले.

पण हे पत्र ज्यासाठी लिहायला घेतलं ते निराळंच आहे.

पट हलवायला तुम्ही मुलींना बसवायचात. तुम्ही चाल वाचायची, तिनं मोहरं हलवायचं, अडलं तर तिनं सांगायचं. प्रत्येक डाव संपला की तुम्ही पेन्सिल हातात घेऊन विचारायचात, "पूर्ण नाव सांगा. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट." अकरा-बारा वर्षांच्या पोरींना 'सांगा'. सुरुवातीला त्या मागं वळून बघायच्या, की काका मागं उभ्या असलेल्या कुणा मोठ्या माणसाशी बोलतायत. मग डावाच्या तळाशी, तुमच्या त्या बारीक अक्षरात: 'पटावर तपासले:' आणि पूर्ण नाव. एकीनं आईचं नावही घाला म्हटलं. तुम्ही काही न विचारता खोडलंत आणि चारही शब्द पुन्हा नीट लिहिलेत.

गेल्या वर्षीच्या एका स्पर्धेचं निकालपत्रक अजून आमच्या फायलीत आहे. मुलांची नावं, गुण, टायब्रेक, सगळं व्यवस्थित. तळाला एक ओळ: 'सहभागी मुली: ६'. त्या सहांपैकी चौघी तुमच्यासमोर पटावर होत्या. आम्ही हे तुम्हाला सांगितलं नव्हतं, पोरींनीही नाही. त्यातल्या एकीनं परवा डाव क्रमांक ९ चा फोटो काढून आजीला पाठवला. डाव रोहिणीताईंचा, पण फोटोत वरचा मथळा अर्धा कापला गेलाय आणि तळाची पेन्सिलीची ओळ मधोमध आलीय.

चांगुलपणाचे सत्कार होतात, शाली पडतात, नारळ फुटतात. समोरच्या लहान मुलीला 'अहो' म्हणून पूर्ण नाव विचारणाऱ्याला कुणी शाल देत नाही, आणि तुम्ही ती घेणारही नाही.

तीन डाव कोरे आहेत: १७, २६ आणि ३३. १७ मध्ये शिरोरेषाच सापडत नाही. २६ आणि ३३ मध्ये वरचा कागदच गेलाय, त्या ओढाओढीत. तुम्ही म्हणालात तसं तिन्हींवर फक्त 'कु. ........ खाडिलकर' छापलंय आणि जागा सोडलीय. १७ साठी दोघी जणी हट्ट धरून बसल्यात. उजेड उजव्या बाजूनं टाकून पाहिला नव्हता, असं त्यांचं म्हणणं. तुमची बॅटरी त्यासाठीच अडकवून ठेवलीय. सेल बदललेत, त्यामुळं ती मागायला येऊ नका, बघायला या. शनिवारी पाचनंतर वर्ग उघडा असतो, आणि भडंग त्यातल्या एकीच्या घरून येतंय.

आपले,
मुलींच्या बुद्धिबळ वर्गाचे पालक आणि शिक्षक,
सांगली