नेताजींची पाणबुडी आणि आपली तिलावा

प्रिय सुन्या,

फोनवर तू विचारलंस ना, नेताजी ज्या पाणबुडीतून जपानकडे गेले तिचं पुढं काय झालं, तर पुढचं सांगतोच पण आधीचं ऐक. मुळात पाणबुड्या दोन. फेब्रुवारी १९४३ ला ते आणि त्यांचे सहकारी आबिद हसन जर्मनीतल्या कील बंदरातून जर्मन यू-१८० मध्ये बसले, आफ्रिकेला वळसा घालून मादागास्करजवळ आले आणि २८ एप्रिलला खवळलेल्या समुद्रात रबरी होडीतून जपानी आय-२९ वर चढले. एवढं आपल्याला शाळेपासून माहितीये. पण ह्याच आय-२९ नं, कॅप्टनसुद्धा तोच, इझू, पाच महिने आधी मुंबईहून निघालेली तिलावा बुडवली होती रे!

तिलावा म्हणजे बी.आय. (ब्रिटिश इंडिया) या जहाज कंपनीची प्रवासी बोट, २० नोव्हेंबर १९४२ ला मुंबई सोडून मोंबासा-डर्बनकडे चाललेली, साडेनऊशेच्या वर माणसं, बहुतेक आपलेच लोक, पोटापाण्यासाठी आफ्रिकेला निघालेले. २३ तारखेला रात्री पहिला टॉर्पेडो बसला, बोट लगेच बुडेना म्हणून काहीजण परत वर चढले, कुणी सामानासाठी, कुणी अजून काही, आणि मग दुसरा बसला. २८० गेले. उरलेल्यांपैकी बहुतेकांना एचएमएस बर्मिंगहॅम या ब्रिटिश युद्धनौकेनं उचलून मुंबईला आणलं.

आणि बोटीत चांदी होती, २३६४ विटा! ती एका कंपनीनं २०१७ ला वर काढली, मग चांदीची मालक असलेल्या दक्षिण आफ्रिकेकडून त्याचा मोबदला मिळावा का यावर भांडण, ते थेट ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टात, २०२४ ला निकाल दक्षिण आफ्रिकेच्या बाजूनं. चांदीची गोष्ट जगभर छापून आली, मेलेल्यांची मुंबईतसुद्धा कुणाला फारशी माहीत नाही, याचा मला खरंच राग येतो.

आता नेताजींना त्या लोखंडी डब्यात बसल्यावर हे कुणी सांगितलं असेल का? मला नाही वाटत, आणि सांगितलं असतं तरी ते उतरले नसते, इंग्रजांविरुद्ध मदत मिळेल तिथून घ्यायची हे त्यांचं पक्कं होतं. मी त्यांचा भक्त आहे तो आहेच, पण तिलावा कळल्यापासून तो भर समुद्रातला प्रसंग पूर्वीसारखा नुसता थरारक वाटत नाही.

हां, तुझा प्रश्न. पुढं आय-२९ फ्रान्सला लोरिआँपर्यंत जाऊन आली, येताना जर्मन जेट विमानांचे आराखडे वगैरे घेऊन, कॅप्टन आता किनाशी, अमेरिकेची वॉस्प विमानवाहू बुडवणारा. सिंगापूरपर्यंत सुखरूप. पण जपान्यांचे सांकेतिक निरोप अमेरिकन वाचत होते, २६ जुलै १९४४ ला फिलिपिन्सच्या उत्तरेला त्यांची सॉफिश पाणबुडी वाटच बघत बसलेली, टॉर्पेडो मारले आणि खेळ खल्लास.

यू-१८० चं पुढच्या पत्रात, हात दुखला टाइप करून. वहिनींना नमस्कार.

तुझाच,
बाळ्या