स्टिअरिंगचे गंजलेले बोल्ट विनामूल्य बदलून मिळण्याबाबत

जुळे सोलापूर,
दि. 12 ऑगस्ट 2025

प्रति,
ग्राहक सेवा विभाग प्रमुख यांस,

महोदय,

आपल्या कंपनीची मोटार मी जानेवारी 2021 मध्ये नवीन घेतली. घर सोलापुरात असल्याने तिची नोंदणी एमएच-13 अशी झाली. परंतु माझी नोकरी तेव्हा रत्नागिरीस होती, त्यामुळे मे 2025 पर्यंत ही गाडी मिऱ्याच्या समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, उघड्या पत्र्याच्या शेडखाली उभी असे. माझ्या तक्रारीचे मूळ या दोन वाक्यांत आहे, म्हणून ती आधीच सांगितली.

गेल्या महिन्यात आईला घेऊन आम्ही तुळजापूरला निघालो असता घाट चढताना स्टिअरिंग एकाएकी जड झाले आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. वळण घेता आले, पण दोन्ही हातांचे बळ लावून. माझ्याऐवजी पत्नी गाडी चालवत असती, तर काय झाले असते याचा विचार मी अद्याप पुरता केलेला नाही. गाडी टो करून आपल्या सोलापूरच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये आणली, तेव्हा पॉवर स्टिअरिंगची मोटर जखडून ठेवणाऱ्या बोल्टांपैकी एकाचे डोके तुटलेले व उरलेल्यांवर तांबूस गंजाची पुटे चढलेली मेकॅनिकने रॅम्पखाली उभे करून मला स्वतः दाखवली.

हेच बोल्ट बदलून देण्याची मोहीम आपण यंदा जाहीर केली आहे. असे असता, आपल्या यादीत केवळ किनारपट्टीच्या जिल्ह्यांत नोंदलेल्या गाड्या आहेत, सोलापूर कोरड्या हवेचे असल्याने माझी गाडी त्यात बसत नाही, असे सांगून सेंटरने मला संपूर्ण स्टिअरिंग रॅकचे (चाके वळवणाऱ्या यंत्रणेचे) 68,000 रुपयांचे अंदाजपत्रक हाती दिले. गंज नंबरप्लेट वाचून चढत नाही, हे मी तेथील सल्लागारास सांगितले. ते हसले, इतकेच.

गाडी चार वर्षे कोठे होती, हे आपणास शोधत बसण्याचीही गरज नाही. तिची प्रत्येक सर्व्हिसिंग आपल्याच रत्नागिरीच्या अधिकृत केंद्रात झाली आहे आणि त्या सर्व नोंदी चासी क्रमांकासह आपल्या संगणकात आहेत. यादी करताना आरटीओचा पत्ता पाहिला गेला, स्वतःच्या नोंदी पाहिल्या गेल्या नाहीत. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराईड असते व ते हवेतला ओलावा ओढून धरते. पावसाळ्यात खडेमिठाला पाणी सुटते ते बव्हंशी त्यामुळेच. असे मीठ एकदा बोल्टच्या आट्यांत शिरले की गाडी पुढे सोलापूरच्या उन्हात आणली म्हणून ते निघून जात नाही.

मार्च 2018 मध्ये टेस्ला कंपनीने एप्रिल 2016 पूर्वी बनलेल्या सुमारे 1,23,000 मॉडेल एस गाड्या अशाच पॉवर स्टिअरिंगच्या बोल्टांसाठी परत बोलावल्या होत्या. बोल्ट गंजत होते ते अतिथंड प्रदेशात, जेथे रस्त्यावर कॅल्शियम किंवा मॅग्नेशियमचे क्षार टाकतात तेथे. तरीही गाडी पुढेमागे तशा हवामानात जाऊ शकते हे गृहीत धरून कंपनीने सर्व हवामानांतील गाड्यांचे बोल्ट बदलले. माझी गाडी तर तशाच क्षारांच्या, समुद्राच्या हवेत राहून आलेली आहे.

तरी माझ्या गाडीचा समावेश मोहिमेत करून सर्व बोल्ट, केवळ तुटलेला एक नव्हे, विनामूल्य बदलावेत व त्यांवर गंजरोधक लेप द्यावा. गंजलेला बोल्ट काढताना आतच तुटला आणि त्यामुळे रॅक बदलावा लागला, तर तो खर्च आपण सोसावा. टोइंगचे 3,200 रुपयेही परत मिळावेत. बदली होऊन गावोगाव फिरणारे माझ्यासारखे नोकरदार आपल्या ग्राहकांत पुष्कळ असणार, तेव्हा यादी सर्व्हिसच्या नोंदींवरून नव्याने तपासावी, ही विनंतीही नोंदवून घ्यावी.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम 110अ खाली वाहनातील दोषाची तक्रार परिवहन मंत्रालयाकडे करणे व ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार सोलापूर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाणे मला भाग पडेल. कलम 110अ च्या तक्रारीसाठी लागते तशी गाडी सात वर्षांच्या आतील आहे, हे येथे नमूद करतो. जॉबकार्ड, अंदाजपत्रक, टोइंगची पावती, बोल्टांची छायाचित्रे आणि रत्नागिरीच्या सर्व्हिसिंगची बिले सोबत जोडली आहेत. तुटलेल्या बोल्टचे डोके मी जपून ठेवले आहे. आपला प्रतिनिधी आल्यास दाखवीन, मात्र ते ताब्यात देणार नाही.

कळावे.

आपला,
(सही)
गाडीमालक