‘पाण्यात व्यायाम करा’ एवढं लिहून भागत नाही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

नवरात्र आटोपलं की बडोद्यातल्या दवाखान्यांत गरब्यात मुरगळलेले गुडघे आणि सुजलेले घोटे येऊ लागतात. संधिवाताने वर्षभर दुखणारे गुडघे असतातच. अशा अनेकांच्या चिठ्ठीवर शेवटी एक ओळ असते : ‘पाण्यात व्यायाम करा’, नाहीतर नुसतंच ‘पोहायला जा’. गोळी किती मिलिग्रॅमची, जेवणाआधी की नंतर, हे सगळं लिहिलेलं असतं. पाणी किती खोल, किती कोमट, किती वेळ, हे मात्र नसतं. आम्हा फिजिओथेरपिस्टांचं म्हणणं एवढंच, की पाण्याचीही मात्रा असते आणि ती चिठ्ठीवर यायलाच हवी.

आधी खोली. कमरेएवढ्या पाण्यात पायांवर शरीराचं साधारण निम्मं वजन येतं, छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत गेलं की एक तृतीयांश, आणि गळ्याशी पाणी आलं की जेमतेम एक दशांश. म्हणजे ७० किलोच्या बाईंचे गुडघे छातीएवढ्या पाण्यात २३-२४ किलोच पेलतात. घरात भिंत धरून चालणारी व्यक्ती तिथे हात सोडून चालते, ती यामुळे. सुरुवात तिथून करावी आणि दुखणं कमी होईल तसं दर आठवड्या-दोन आठवड्यांनी उथळ बाजूला सरकावं. कायम खोल पाण्यात राहून उपयोग नाही, शेवटी चालायचंय ते जमिनीवर.

इथे एक चूक हमखास होते. पाणी वर उचलतं म्हणून माणूस पुढे झुकून चवड्यांवर चालू लागतो, टाच टेकतच नाही. मग पोटऱ्यांत गोळे येतात आणि गुडघा पूर्ण सरळ करण्याचा सराव राहूनच जातो. टाच आधी, मग चवडा, नजर समोर. टाच टेकत नसेल तर पाणी तुमच्यासाठी जास्त खोल आहे, एक पाऊल उथळ बाजूला या. थोडा वेळ पुढे, मग मागे, मग कडेकडेने चालावं. नंतर कठडा धरून टाचा उचलणं, गुडघा मागे दुमडणं, पाठ भिंतीला टेकवून थोडंसं खाली बसून उठणं, प्रत्येकी १० वेळा. वेग दुप्पट केला की पाण्याचा विरोध चौपट होतो, त्यामुळे पहिल्या आठवड्यात घाई नको. पहिल्या दिवशी १०-१५ मिनिटं पुरे. पाण्यात दुखत नाही म्हणून तासभर फिरणाऱ्यांना रात्री ठणका लागतो. बाहेर आल्यावर दोन तासांनीही नेहमीपेक्षा जास्त दुखत असेल, तर पुढच्या वेळी व्यायाम निम्म्यावर आणा.

‘पोहायला जा’ हा तर अर्धाच सल्ला. बेडकासारखे पाय मारले की गुडघ्याच्या आतल्या बाजूच्या अस्थिबंधावर ताण येतो, आणि दुखणं बऱ्याचदा नेमकं तिथलंच असतं.

पोहणाऱ्यांना २६-२८ अंश सेल्सिअसचं पाणी छान वाटतं. दुखऱ्या सांध्याला ३३ ते ३५ लागतं. सावकाश हालचाल करणारा माणूस गार पाण्यात आखडतो, स्नायू आवळतात आणि दुखणं वाढतं. म्हणून डिसेंबर-जानेवारीत न तापवलेल्या तलावात सांधेदुखीच्या माणसाला पाठवूच नये. तापमान कोपर बुडवून नव्हे, तापमापकाने बघावं.

ताप, जुलाब, उघडी जखम, त्वचेचा संसर्ग किंवा आटोक्यात नसलेल्या फिट्स असतील तर पाण्यात उतरू नये. ऑपरेशननंतर टाके निघाले म्हणजे मोकळीक मिळाली असं नाही. खपली पडून जखम पूर्ण बंद झालेली हवी आणि सर्जनचा होकार हवा. पाण्याच्या दाबाने घोट्याची सूज उतरते, पण तोच दाब पायांतलं रक्त छातीकडे ढकलतो. हृदय कमजोर असलेल्यांनी म्हणूनच आधी आपल्या डॉक्टरांना विचारावं.

सगळ्यात धोक्याची वेळ बाहेर पडण्याची. दाब एकदम सुटतो, रक्त पायांत उतरतं, चक्कर येते. त्याच क्षणी पूर्ण वजनही गुडघ्यावर परततं. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना हे जास्त जाणवतं. कमरेएवढ्या पाण्यात दोन-तीन मिनिटं थांबावं, मग कठडा धरून चांगला पाय आधी वर टाकावा. उतरताना दुखरा आधी.

आणि इथेच बहुतेक तलाव कमी पडतात, कारण भिंतीला उभी लोखंडी शिडी असते. गुडघा काटकोनातही न वाकणाऱ्याला ती चढता येत नाही. नव्या सोसायट्यांत आणि क्लबांत तलाव बांधणाऱ्यांनी एका कोपऱ्यात रुंद, कमी उंचीच्या, न घसरणाऱ्या पायऱ्या आणि दोन्ही बाजूंना कठडा एवढं जरी केलं, तरी कितीतरी आजी-आजोबा पाण्यात उतरू शकतील. उतरणाऱ्यांनीही गुडघ्याला चोळलेलं तेल, बाम साबणाने धुऊनच यावं. असल्या गोष्टींत क्लोरीन खर्ची पडतं, आणि कोमट पाण्यात ते तसंही लवकर संपतं. डोळे चुरचुरणारा उग्र वास आला की पाणी स्वच्छ आहे असं लोक समजतात. तो वास घामा-मळाशी संयोग झालेल्या क्लोरीनचा असतो.

डॉक्टरमंडळींना विनंती, की चिठ्ठीवर ही एक ओळ लिहावी : ‘छातीएवढं पाणी, ३३-३५ अंश, १५ मिनिटं, आठवड्यातून ३ वेळा, जखम बंद आहे.’

आपले,
बडोद्यातील काही फिजिओथेरपिस्ट
दांडिया बाजार, वडोदरा