लहान्याच्या टाकीसाठी

सिंगापूर,
१२ ऑक्टोबर

तीर्थरूप बाबांस शिरसाष्टांग नमस्कार.

लहान्याचा फोन आला होता. साकोलीच्या दुकानात त्याला खाऱ्या पाण्याची टाकी लावायची आहे. दिवाळीला येताना बॅगेतून दोन-चार क्लाउनफिश आणि प्रवाळाचा एखादा तुकडा आण म्हणतो. मी नाही म्हटलं तर रुसला. तुम्ही समजावलं तर ऐकेल, म्हणून तुम्हाला लिहितो.

सिंगापुरात महाग असेल तर पूल ओलांडून मलेशियातून घे, असं त्याचं म्हणणं. किमतीचं त्याचं म्हणणं खरं आहे. मागच्या रविवारी मी पुलापलीकडच्या जोहोर बाहरूला जाऊन आलो. पूल किलोमीटरभराचा, पण दोन्ही चौक्यांवरच्या रांगांत तीन तास गेले. इकडे क्लाउनफिशच्या ज्या पिल्लाला २० डॉलर मागतात, ते तिकडे ३५ रिंगिटला होतं. एका डॉलरला तीनाहून थोडे जास्त रिंगिट येतात, म्हणजे ११ डॉलरच्या आसपास पडलं. इकडे दुकानाचं भाडं, मजुरी सगळंच जास्त, वर ९ टक्के कर. आपली मरळ तळ्याच्या पाळीवर एका भावाने जाते आणि गोंदियाच्या बाजारात दुसऱ्या, तसंच हे.

पण बाबा, तिथं दोन टाक्या शेजारी-शेजारी होत्या. एकीत हॅचरीतली, म्हणजे मत्स्यबीज केंद्रात वाढवलेली पिल्लं, काचेजवळ हात नेला की खायला मागत पुढं येणारी. दुसरीत समुद्रातून धरलेले मासे, निम्म्या भावाचे, कोपऱ्यात अंग चोरून बसलेले. कुठून आणले ते दुकानदाराला सांगता येईना. फिलिपिन्स आणि इंडोनेशियाकडे बंदी असूनही काही जण प्रवाळाच्या खाचांत सायनाइड सोडून मासे गुंगवतात. असा मासा दुकानात धडधाकट दिसतो आणि घरी नेल्यावर काही आठवड्यांत जातो. आजूबाजूचं प्रवाळही मरतं. नाल्यात औषध टाकणाऱ्यांच्या मागं तुम्ही काठी घेऊन धावला होता, ते मला त्या टाकीसमोर आठवलं. स्वस्त मासा मी घेतला नाही.

प्रवाळाची गोष्ट तर किमतीच्या पलीकडची. इंडोनेशियाचं बाटम बेट इथून बोटीने तासाभरावर, पण २०१८ मध्ये त्यांनी प्रवाळाची निर्यात थांबवली आणि मी काम करतो त्या शोभेच्या माशांच्या गोदामातल्या टाक्या रिकाम्या पडल्या. २०२० मध्ये ती परत सुरू झाली. टणक प्रवाळ सायटिस करारात, म्हणजे दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारात येतं, त्यामुळं प्रत्येक खेपेला कागद लागतात. जोहोरहून खिशात घालून आणलं तरी तो गुन्हाच. आणि आपल्याकडे २००१ पासून ते वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या रांगेत. नागपूर विमानतळावर माझ्या बॅगेत सापडलं तर काय होईल, ते त्याला नीट सांगा. जिवंत मासे आणायलाही परवाना लागतोच.

लोणारचं पाणी चालेल का, असंही त्यानं विचारलं. नाही चालणार. ते खारं आहे, पण समुद्रापेक्षा फार जास्त अल्कधर्मी. त्याला समुद्राचं तयार मीठच लागेल, लिटरला ३५ ग्रॅमच्या हिशेबानं. मला खरी काळजी मे महिन्याची आहे. या माशांना २५-२६ अंश लागतं आणि आपल्याकडे ४५ पर्यंत जातं. दुपारी लाईन गेली तर टाकी संध्याकाळपर्यंत टिकणार नाही.

तरी करायचंच असेल तर क्लाउनफिश देशातच मिळतील. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं हॅचरीत त्यांची पैदास बसवली आहे. पिशवी आली की काय करायचं ते तुम्हीच शिकवा. मत्स्यजिऱ्याची, म्हणजे माशांच्या इवल्या पिल्लांची पिशवी तुम्ही आधी तळ्यात तरंगत ठेवता, मग तोंड सोडता. आम्ही गोदामात रोज हेच करतो.

मी मिठाचं प्रमाण मोजायचं यंत्र आणतो त्याच्यासाठी, तेवढं नक्की. आईला नमस्कार. पाळीची डागडुजी झाली का, ते कळवा.

तुमचा,
मोठा